शहाडचा बंद काठ

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडते आणि आंबिवली यायच्या आत उल्हास नदीवरचा पूल ओलांडते. पुलाला लागतात काही सेकंद. कल्याण-डोंबिवली, ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांना कमीअधिक पाणी पुरवणारी ही नदी तिचं पाणी पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना दिसत असेल तर तेवढीच, तीही खिडकीची जागा मिळाली तर. बाकी काठ बंद आहे. कुठे कारखान्याची भिंत आहे, कुठे पंपघराचं फाटक, कुठे रेल्वेची हद्द, कुठे प्लॉट पाडून तारेचं कुंपण घातलेलं. जिथे कुंपण नाही तिथे राडारोडा टाकलेला असतो. म्हारळ, वरप, कांबा या वरच्या अंगाच्या गावांत अजून पायवाटेने पाण्यापर्यंत जाता येतं. शहाडला आलं की नदी जवळ असूनही हाताला लागत नाही. आषाढी एकादशीला शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाला मोठी रांग लागते. तिथून नदी दूर नाही, पण दर्शन घेऊन परतणाऱ्याला ती दिसण्याची काही सोय नाही. हा काठ लोकांच्या पायांसाठी उघडला पाहिजे, आणि नदी स्वच्छ होण्याची वाट न बघता आधी उघडला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. हे हौसेपोटी नाही. या भागाचा औद्योगिक इतिहास म्हणून जे काही आहे ते या पाण्याच्या कडेने मांडलेलं आहे, आणि या पाण्याची जी दुर्दशा आहे तिचं एक मोठं कारण कुणी त्याच्या कडेने चालत नाही हे आहे.

आधी पाण्याचं बोलू, कारण इथला पहिला वारसा तेच आहे. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १२२ किलोमीटर वाहून वसईच्या खाडीला मिळते, असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. कोकणातल्या नद्यांचा स्वभाव पावसाळ्यात धो धो आणि होळीनंतर दगडगोटे असा असतो. उल्हासही त्याच जातीची. तरी मे महिन्यात शहाडला तिच्या पात्रात पाणी असतं, आणि त्यातलं बरंच मुळात कोकणाचं नसतं. मुंबईतल्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधली. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. भिवपुरीसाठी ठोकरवाडीला धरण बांधून, एरवी इंद्रायणी-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला खाली सोडलं. सुमारे पाचशे मीटर खाली येताना ते जनित्रं फिरवतं, आणि काम संपलेलं पाणी कर्जतच्या बाजूला उल्हासच्या खोऱ्यात येतं. तिथे त्याच पाण्यावर राजनाला नावाचा कालवा चालतो आणि कर्जत तालुक्यातली कित्येक गावं उन्हाळी भात घेतात. उरलेलं खाली वाहतं. सत्तरच्या दशकात एमआयडीसीचं बारवी धरण झालं. तिथून सोडलेलं पाणी बारवी नदीतून उल्हासला येऊन मिळतं आणि जांभूळला उचललं जातं. त्यामुळे उन्हाळ्यातली उल्हास ही नदी कमी आणि कालवा जास्त आहे. तिची पातळी पाऊस ठरवत नाही. घाटावरचं वीजघर किती तास चाललं आणि बारवीचा दरवाजा किती उघडला यावर ती ठरते. उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या शहरांना पाणीकपात लागते तेव्हा बातमीत याच दोन धरणांचे साठे मोजलेले असतात. कालव्याकाठची रपेट म्हटलं की आपल्याला विलायतेतली चित्रं आठवतात. शहाडला शंभर वर्षांचा कालवा नदीचं नाव लावून वाहतो आहे.

कारखाने इथे आले ते या पाण्यामुळे. ठाणे जिल्ह्यात उद्योग रेल्वेमुळे आले असं सरसकट सांगितलं जातं, आणि रेल्वेचा हात होताच. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची, कल्याण १८५४ चं, आणि कल्याणहून वाशिंदपर्यंतचा फाटा १८५५ चा. म्हणजे शहाडजवळ उल्हास ओलांडणारी ही रेषा देशातल्या सर्वांत जुन्या रेल्वेरेषांपैकी एक आहे. पण गाडी धावू लागल्यावर जवळजवळ नव्वद वर्षं शहाड-मोहने पट्टा शेतीचाच राहिला. रेल्वे होती, बारमाही पाणीही १९२२ पासून होतं. कमी होती ती त्या पाण्याशिवाय चालूच न शकणाऱ्या धंद्याची. तो धंदा रेयॉनचा. मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांची एनआरसी, आणि शहाडला बिर्लांचं सेंच्युरी रेयॉन. एनआरसी कंपनी १९४६ ची, सेंच्युरी रेयॉनचं उत्पादन १९५६ चं. त्यात फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून वसवलं, १९४९ मध्ये त्या वसाहतीला नदीवरूनच उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि कामाला हात शोधायला कंपनीला लांब जावं लागलं नाही. खाडीपलीकडे भिवंडीचे यंत्रमाग धाग्याची वाट बघतच होते.

रेयॉनला पाणी का लागतं हे कळल्याशिवाय हा काठ कळत नाही. लाकडाच्या लगद्याचे पुठ्ठ्यासारखे तक्ते येतात. ते कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, पिळायचे, कुस्करून मुरू द्यायचे. मग कार्बन डायसल्फाइड या चटकन पेट घेणाऱ्या, जहरी द्रवाशी त्याचा संयोग घडवायचा. तयार होणारा नारिंगी चुरा पुन्हा पातळ सोड्यात विरघळवला की मधासारखा दाट द्रव मिळतो, तोच व्हिस्कोस. तो गाळून, ठरावीक वेळ पिकू देऊन, केसाहून बारीक भोकांच्या तोटीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडायचा. कुंडात पडताच द्रवाचा तंतू होतो, आणि गरगर फिरणाऱ्या डब्यात तो आतल्या बाजूने वेटोळी घेत साठतो. त्या ओल्या वेटोळ्यात अजून आम्ल असतं, गंधक असतं. ते जाईपर्यंत ती धुवायची, परत धुवायची, विरंजन करून पुन्हा धुवायची. पाणी जातं ते या धुण्यात. एक किलो धाग्यामागे शेकडो लिटर पाणी लागतं, आणि ते मऊ, लोह नसलेलं हवं, नाहीतर धाग्यावर डाग पडतो. रेशमासारखा दिसणारा, रेशमाहून कितीतरी स्वस्त असा हा धागा साड्यांत, अस्तरांत, भरतकामाच्या दोऱ्यांत गेला. स्वातंत्र्यानंतरच्या मध्यमवर्गीय घरातल्या लग्नाच्या बस्त्यात शहाडचं पाणी कुठेना कुठे होतंच. धाग्याच्या मागे उरलं ते जस्त, गंधक आणि आम्ल मिसळलेलं सांडपाणी, आणि कार्बन डायसल्फाइडच्या वाफा. या वाफांचा मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो हे युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच, रबराच्या कारखान्यांतले कामगार तपासून नोंदवलं होतं. वारसा म्हणायचं तर हेही त्यात आलं.

एनआरसी २००९ च्या नोव्हेंबरात बंद पडली. हजारो कामगारांची देणी अडकली, कंपनीच्या वसाहतीतली घरं रिकामी करण्यावरून झगडे झाले, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, शेकडो एकर जमीन अदानी समूहाकडे आली आणि जुनी बांधकामं पाडली गेली. २०२५ मध्ये तिथल्या सिमेंट दळण्याच्या प्रस्तावाला आसपासच्या गावांनी विरोध केला. हे सगळं एका पिढीच्या आत घडलं. म्हणजे रेयॉनच्या दोन कारखान्यांपैकी एक अजून धूर सोडतो आहे आणि दुसऱ्याची नुसती जागा उरली आहे. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगली जोडी मिळणार नाही. पण काठाने चालता येत नसल्यामुळे ही जोडी कुणाला दिसत नाही. शहाडकरांना सेंच्युरी माहीत आहे, मोहनेकरांना एनआरसी, आणि दोघांच्या मधली नदी पुलावरच्या काही सेकंदांपुरती.

कारखान्यांइतकीच महत्त्वाची आणि त्याहून दुर्लक्षित वास्तू म्हणजे पाणी उचलणारी केंद्रं. शहाडला नदीतून उचललेलं पाणी भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि ग्रामीण भागात जातं. या दोन गावांवरून पडलेलं ‘स्टेम’ हे नाव पाणीटंचाईच्या बातमीत लोक वाचतात, पण त्यातला ‘स’ शहाडचा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. खाली मोहने, मोहिली, बारावे इथे कल्याण-डोंबिवलीची व्यवस्था आहे. मोहन्याचा बंधारा ही तर या सगळ्याची किल्ली. त्याच्या वर गोडं पाणी, खाली भरतीची हद्द. तो नसता तर उन्हाळ्यात खाडीचं मचूळ पाणी पंपांच्या तोंडाशी आलं असतं. नदीतली जॅकवेल एकदा नीट बघावी. पात्रात उभा केलेला काँक्रीटचा गोल बुरूज, काठापासून त्याच्यापर्यंत अरुंद पूल, माथ्यावर मोटारींची खोली, आणि बुरुजाच्या अंगावर वेगवेगळ्या उंचीला पाणी आत घेणारी तोंडं, कारण पावसाळ्यातली आणि मेमधली पातळी यांत कित्येक मीटरांचा फरक पडतो. त्या तोंडांना जाळ्या असतात आणि जाळ्यांना काय अडकलं आहे ते पाहिलं की वरच्या गावांची खबर मिळते. यात एक विचित्र न्याय आहे. नदीला मोठा पूर येतो तेव्हा मोहिली-बारावेच्या पंपघरांत पाणी शिरतं, मोटारी बंद ठेवाव्या लागतात, आणि दारात गुडघाभर पाणी असलेल्या शहराच्या नळाला पाणी येत नाही. लोकांना हे चमत्कारिक वाटतं. जॅकवेल पाहिलेल्याला वाटणार नाही.

आता नदीच्या दुर्दशेकडे येऊ. उल्हासनगरातून येणारा खेमाणी नाला शहाडजवळ उल्हासला मिळतो, आणि पिण्याचं पाणी उचलण्याची जागा तिथून फार लांब नाही. नाला वळवून प्रक्रिया केंद्राकडे नेण्याच्या योजना झाल्या, निधी आले, उद्घाटनं झाली. पाऊस जोराचा झाला किंवा पंप बंद पडला की नाला आपल्या जुन्या वाटेने येतो. म्हारळच्या बाजूचे नाले आहेत, बदलापूरपासूनची वाढलेली शहरं आहेत. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी पोसते आणि हिवाळा संपता संपता मोहन्याच्या बंधाऱ्यामागे हिरवा गालिचा धरते. लांबून तो गालिचा छान दिसतो, वर जांभळी फुलंही येतात. वर्तमानपत्रांत कुणीतरी त्याचा सुंदर फोटो छापतोच. जवळून पाहिलं तर फुगीर देठांची एकमेकांत गुंतलेली गच्च वीण, खाली काळ्या मुळांच्या झिपऱ्या, आणि त्यांच्याखाली उजेड आणि प्राणवायू हरवलेलं पाणी. दर वर्षी ती काढण्याचं कंत्राट निघतं, काढलेली काठावर टाकली जाते, पावसात पुन्हा वाहते. वनशक्ती या संस्थेने २०१३ मध्ये उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये लवादाने कोट्यवधींचा दंड ठोठावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हे सगळं आवश्यकच होतं. पण निकालपत्रातला ‘प्रक्रिया न केलेलं सांडपाणी’ हा शब्द आणि नाल्याचं तोंड यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे जाणारा साक्षीदार रोज लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरात टँकरमधलं रसायन वालधुनीत सोडलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावं लागलं. ज्या काठावर सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात तिथे टँकर लावून नळी सोडायला छाती लागते. निर्मनुष्य काठावर ड्रायव्हर आणि क्लीनर एवढे दोघे पुरतात.

यावर पहिला आक्षेप शहाण्यासुरत्या माणसाचा असतो: आधी नदी साफ करा, मग फिरायला बोलवा, घाणीच्या कडेने कोण चालणार? क्रम सरळ वाटतो, पण अनुभव उलटा आहे. जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या एम्शर नदीचं उदाहरण घेऊ. कोळशाच्या खाणींमुळे तिथली जमीन खचत असे, जमिनीखालून गटारं टाकली तर फुटत, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती नदीच सरळ करून, काँक्रीटच्या फरशा घालून उघडं गटार म्हणून वापरली. खाणी हटल्यावर १९९० च्या दशकात भुयारी वाहिन्यांचं काम सुरू झालं आणि नदीत सांडपाणी जाणं पूर्ण थांबलं २०२१ च्या अखेरीस. तीस वर्षं आणि पाच अब्ज युरोंच्या वर खर्च. पण त्याच खोऱ्यात ड्यूसबुर्गचा १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना १९९४ मध्ये बाग म्हणून लोकांना खुला झाला. भट्ट्या पाडल्या नाहीत, गंजलेले पूल तसेच ठेवले, आणि खोऱ्यातले जुने कामाचे रस्ते, मालगाड्यांच्या मोडीत निघालेल्या वाटा पादचाऱ्यांना आणि सायकलींना दिल्या. म्हणजे वास जाण्याआधी पंचवीसहून अधिक वर्षं लोक त्या परिसरात फिरत होते. इतकी वर्षं एवढा पैसा ओतायला करदाते का राजी राहिले, याचं एक उत्तर माझ्या मते तिथे आहे: खर्च कशावर होतो आहे ते रविवारी जाऊन बघता येत होतं. आपल्याकडे प्रक्रिया केंद्राचा खर्च अर्थसंकल्पाच्या पानावर दिसतो आणि तिथेच राहतो. एम्शर आणि उल्हास यांची बरोबरी होत नाही, पैशात तर नाहीच. पण आधी माणसं की आधी स्वच्छता, या क्रमापुरता हा दाखला पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. हा काठ म्हणजे बागेची जागा नाही. एकीकडे लाखो लोकांच्या पाण्याचे पंप, दुसरीकडे धोक्याची रसायनं. सेंच्युरी रेयॉनमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले, हे ताजं आहे. अशा ठिकाणी भिंत असणारच आणि असायलाच हवी. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच कारखान्याच्या आत हेरिटेज वॉक काढण्याची कल्पना मला पोरकट वाटते. पण भिंतीच्या आत काय चालतं याची सुरक्षा आणि भिंत व पाणी यांच्यामधल्या पट्ट्यावर लोकांचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीला लागून हजारो घरं वसलेली चालतात, दुकानं चालतात, फक्त पायवाट चालत नाही, या तर्कात कुठेतरी पाणी मुरतं. उलट काठाने उघडी वाट असली तर अपघाताच्या वेळी बाहेर पडायचा आणखी एक रस्ता मिळतो. पंपघरांचं म्हणाल तर इंग्लंडात कालव्यांच्या कडेच्या वाटा फिरणाऱ्यांसाठी झालेल्याच नव्हत्या. मालाची होडी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या, काम संपलं तशी माणसं त्यावर चालू लागली. आपल्या जलवाहिन्यांना देखभालीचे रस्ते असतातच. जॅकवेलच्या पुलाला कुलूप राहू दे, पण जॅकवेल दिसेल अशा अंतरावरून वाट जाऊ शकते. पाण्यात काही मिसळणारा माणूस फाटकातून परवानगी काढून येत नाही. तो नाल्याच्या तोंडाने येतो, आणि तिथे आज कसलाच पहारा नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण तो ज्यांनी घाम गाळला त्यांच्याकडून येऊ शकतो. ज्यांची देणी बुडाली, ज्यांच्या फुप्फुसात त्या वाफा गेल्या, त्यांच्यासमोर चिमणीला वारसा म्हणायचं? मुंबईने गिरणगावाचं जे केलं ते डोळ्यांसमोर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या, आणि एखादी चिमणी मॉलच्या आवारात शोभेला ठेवली गेली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची चर्चा मात्र वर्षानुवर्षं चालली. मोहन्याला तर चिमणी ठेवण्याइतकाही विचार झाला नाही. पण यातून वारसा ही कल्पनाच टाकून द्यावी असं निघत नाही. वारसा कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. माझ्या लेखी शहाड-मोहन्याचा वारसा हा पाण्याचा हिशेब आहे: घाटावरून किती आलं, कुणी उचललं, काय करून परत सोडलं, कुणाच्या अंगावर गेलं. या हिशेबात कामगार तळटीप नसतो. डबे फिरवणाऱ्या खात्यातल्या पाळ्या, तिथला वास, कॅन्टीन, वसाहतीतले गणपती, बंद पडल्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं हे त्या काठावरच्या फलकांवर यायचं असेल तर ते सांगणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत आणि मोहने, आंबिवली, शहाड, उल्हासनगरातच राहतात. वाट दाखवण्याचं काम त्यांनाच, मोबदला देऊन, द्यावं. इमारत पडली तरी निदान माणसं आहेत, तोवर.

आणि शेवटचा आक्षेप, जो खरं तर भाकीत आहे: काठ उघडला की बिल्डर येईल. ‘रिव्हर व्ह्यू’च्या पाट्या लागतील, पायवाटेच्या जागी काँक्रीटची भिंत, भिंतीवर ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर सेल्फी पॉइंट. हे घडू शकतं, आणि साबरमतीपासून मुळा-मुठेपर्यंत आपल्याकडे नदीकाठ म्हटलं की पात्र आवळून भिंत बांधणं हाच अर्थ घेतला जातो. घरांवर बुलडोझर फिरवूनही वाट होते: मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची वस्ती न्यायालयाच्या आदेशावरून हटवली गेली, त्या कुटुंबांना माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवलं गेलं, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर सायकल मार्गाची योजना आली. अशी वाट शहाडला नको. पण इथे निसर्गच बाजूने आहे. पाटबंधारे खात्याच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बांधकामाला मनाई आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ ला ही रेषा कागदावरची नाही हे नदीने दाखवलं. २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी होती आणि त्याच पुरात कांब्याला अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं होतं. मातीची, मुरूम टाकलेली, वर्षातले तीन-चार महिने खुशाल पाण्याखाली जाणारी वाट या रेषेच्या आत बसते. इमारत बसत नाही. पायवाट म्हणजे पूररेषा जमिनीवर आखून दाखवणं. कागदी रेषा सरकवता येते, रोज शेकडो लोक चालतात ती वाट सरकवायला निदान बोंब होते. आणि काठावर म्हशींचे तबेले, कोळ्यांच्या होड्या, धुणं धुणाऱ्या बायका आधीच आहेत. त्यांना हटवून वाट करायची असेल तर न केलेली बरी. तबेल्याचं शेण नदीत न जाता खताला जाईल याची सोय लावणं हे वाटेचं काम आहे, तबेला घालवणं नाही.

मग वाट कुठून कुठे? सगळा काठ एकदम मागितला तर काहीच मिळणार नाही, कारण या काही किलोमीटरांत दोन महापालिका, ग्रामपंचायती, पाटबंधारे, रेल्वे, पाणीपुरवठ्याची कंपनी आणि खासगी मालक अशी मंडळी आहेत, आणि प्रत्येकाकडे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं सांगणारा एक टेबल आहे. कल्याणच्या दुर्गाडीकडची बाजू सोपी आहे. तिथे शिवकालीन आरमाराचं वलय असल्याने खाडीकाठाच्या योजनांना नेत्यांचा हात लगेच वर जातो. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि या खाडीत जहाजं बांधली गेली, याचा अभिमान रास्तच आहे. पण जहाजबांधणी हाही उद्योगच होता, आणि दुर्गाडीपासून नदीने वर येत गेलं तर बंदर, रेतीबंदर, गांधारीचा पूल, काळू आणि उल्हासचा संगम, मोहन्याचा बंधारा, रेल्वेचा पूल आणि शहाड असा बंदरापासून रेयॉनपर्यंतचा इतिहास सपाट जमिनीवर, चढ न चढता, ओळीने लागतो. साठीच्या माणसाला झेपेल, शाळेच्या सहलीला पुरेल. सुरुवात मात्र मोठ्या योजनेने करू नये. मोहन्याचा बंधारा ते शहाडचा रेल्वेपूल एवढा तुकडा आधी चालता येईल असा करावा, दिवाळी ते होळी, जलपर्णी चढण्याआधीच्या आणि चढतानाच्या महिन्यांत. वाटेत जिथे जिथे नाला किंवा पाइप नदीत उतरतो तिथे एक फलक लावावा: नाल्याचं नाव, कुठून येतो, कुणाच्या ताब्यात आहे, प्रक्रिया होते का, शेवटची तपासणी कधी झाली, आणि तक्रार कुणाकडे करायची. पुतळे, कारंजी, दिवे यांची निविदा नंतर काढता येईल. पहिला फलक खेमाणी नाल्याच्या तोंडावर लावायला हरकत नसावी, भले तो रेल्वेपुलाच्या अलीकडे येवो की पलीकडे.